पंचांग एका हाती, भरतीचे वेळापत्रक दुसऱ्या हाती: नार्व्याच्या अष्टमीस्नानाला जाताना

आजीला पहिल्यांदा गोव्यातल्या नार्व्याला गोकुळाष्टमीच्या स्नानाला नेले त्या वर्षी मी सगळे पंचांगाप्रमाणे केले होते. अष्टमी कधी लागते, कधी संपते, सगळे पाठ. घाटावर पोचलो तेव्हा सुकती, म्हणजे ओहोटी, लागून दोन तास झाले होते. खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, त्यांवर बोटभर शेवाळ आणि त्यापुढे पोटरीपर्यंत चिखल. आजीची एक चप्पल त्या चिखलात गेली ती कायमची. शेवटी लोटाभर पाणी वर आणून तिच्या डोक्यावर ओतले. ती एवढेच म्हणाली, "अरे, नदीला विचारलंस का, कधी येऊ म्हणून?"

गोव्यातल्या नदीवर तीर्थस्नानाला जाणाऱ्या प्रत्येकाने हे आधी लक्षात घ्यावे. नाशिकची गोदावरी किंवा पंढरपूरची चंद्रभागा समुद्रापासून कितीतरी आत आहे, तिथे भरती-ओहोटीचा प्रश्नच येत नाही. आमची मांडवी मात्र समुद्राच्या श्वासाबरोबर दिवसातून दोनदा फुगते आणि दोनदा ओसरते. म्हणून इथे मुहूर्त दोन ठिकाणी बघावा लागतो.

आधी ठिकाण नीट समजून घ्या

नकाशात 'नार्वे' टाकले की दोन जागा दिसतात. एक दिवाडी बेटावर, दुसरी समोरच्या काठावर डिचोली तालुक्यात. मधून नदी. दरवर्षी कोणीतरी चुकीच्या काठावर उभे राहून फोन करत असते, म्हणून हे आधीच ठरवा.

एकाच नावाची दोन गावे कशी, हे सप्तकोटेश्वराच्या इतिहासात आहे. हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असे बिरुद आहे. मूळ देऊळ दिवाडीवर होते. बहामनी स्वारीत ते उद्ध्वस्त झाले. पुढे विजयनगरच्या काळात माधव मंत्र्याने ते पुन्हा उभे केले. १५४० च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते पाडले, तेव्हा लिंग गुपचूप नदीपलीकडे नेऊन डिचोली बाजूच्या नार्व्यात स्थापले गेले. शिवाजी महाराजांनी तिथे नवे देऊळ बांधायला घेतले. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार अशी तिथी आहे, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. राज्याच्या पुराभिलेख व पुरातत्त्व खात्याने केलेल्या जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये हे देऊळ पुन्हा खुले झाले. आत गेल्यावर लिंगाकडे नीट बघा. ते गुळगुळीत गोल नसून धारा पाडलेले आहे.

देव पलीकडे गेला तरी तीर्थ जागचे हलले नाही. म्हणून गोकुळाष्टमीला लोक दोन्ही काठांवर न्हायला येतात. दिवाडीकडच्या जागेला जुनी माणसे पोरणे तीर्थ म्हणतात, तर डिचोलीकडे पंचगंगा हे नाव ऐकू येते. दोन्हीकडे पाणी तेच. माझे मत विचाराल तर स्नानानंतर देवदर्शन करायचे असेल तर डिचोलीचा काठ सोयीचा. मूळ क्षेत्राच्या मातीला पाय लावायचे मनात असेल तर दिवाडी. त्या बेटावर ख्रिस्ती आणि हिंदू घरे शेजारी शेजारी आहेत. कोणाच्या दारासमोर गाडी लावू नका आणि पहाटे भोंगे वाजवू नका.

भरती कशी बघायची

अष्टमीची गंमत अशी की ही तिथी स्नानाला निसर्गतःच बरी आहे. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, तेव्हा उधाण असते. अष्टमीला सूर्य आणि चंद्राची ओढ एकमेकींच्या काटकोनात येते, भरती मऊ पडते. त्याला भांग म्हणतात. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते, भांगाला त्याच्या जेमतेम अर्धे. म्हणजे अष्टमीला पाणी फार वर येत नाही, फार खालीही जात नाही. पूर्वजांनी हे बघूनच तिथी निवडली असे मी म्हणणार नाही, कारण कृष्णजन्माची तिथी ठरवताना मांडवीचा विचार कोणी केला नसणार. पण सोय झाली आहे हे खरे.

तरीही वेळ बघावीच लागते. त्यासाठी मुरगाव बंदराचे भरतीचे वेळापत्रक घ्या, इंटरनेटवर सहज मिळते. काही दिनदर्शिकांत मुंबईच्या भरतीच्या वेळा छापलेल्या असतात, त्या गोव्याला तशाच लावू नका. मुरगावला पूर्ण भरती झाली की तिचा जोर नदीतून आत नार्व्यापर्यंत यायला अवकाश लागतो. मी पाऊण तास ते एक तास धरतो. वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, तेव्हा आदल्या दिवशी जाऊन पाहणी केलीत तर तेवढा फरक जमेस धरा.

उतरायची उत्तम वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचा एक तास आणि पाणी थांबते ती पंधरा-वीस मिनिटे. पायऱ्या पाण्याखाली असतात, चिखल झाकलेला असतो आणि समुद्राकडून येणारे पाणी नदीच्या ओढीला थोपवून धरते. सुकती लागली की चित्र उलटते. पावसाचे पाणी आणि ओहोटी दोन्ही समुद्राकडेच धावतात, आणि कमरेइतक्या पाण्यातही पाय उचलला जातो.

पावसाचाही हिशेब हवाच. मांडवी, म्हणजे वरच्या बाजूला जिला आपण म्हादई म्हणतो ती, कर्नाटकात खानापूर तालुक्यात उगम पावते. पणजीत ऊन असले तरी घाटात आणि सत्तरी तालुक्यात आदल्या रात्री झोडपून काढलेले असू शकते. साखळी गावाकडून वाळवंटी नदीचे पाणी येते, त्यावर केरीजवळच्या अंजुणे धरणाच्या दरवाजांचा परिणाम होतो. विसर्ग सोडल्याची बातमी आली असेल, किंवा नदीत ओंडके आणि फांद्या वाहताना दिसल्या, तर त्या वर्षी काठावर लोटा घेऊन बसा. त्याने पुण्य कमी होत नाही.

कसे जायचे

पणजीहून दोन वाटा. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीवर, बेट ओलांडून पलीकडच्या धक्क्यावर, तिथून दुसऱ्या फेरीने डिचोलीच्या नार्व्याला. वाट सुंदर आहे. दोन्ही बाजूंना खाजन शेते, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते, पाणी सोडायला बांधात मानशी, म्हणजे दारे, श्रावणात सगळे हिरवेगार. पायी जाणाऱ्याला फेरीचे तिकीट नाही, चारचाकीला असते. पण अष्टमीला चारचाकी घेऊन या वाटेने जाऊ नका. रांगेत भरती निघून जाते. शिवाय दिवाडीचे बोंदेरां, म्हणजे झेंड्यांचा उत्सव, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असते. अष्टमी त्याच्या आगेमागे आली तर फेऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, हे कॅलेंडर बघून ठरवा.

दुसरी वाट रस्त्याची: डिचोली गाठायची आणि मयेवरून नार्व्याला उतरायचे. फोंड्याकडून येणाऱ्यांनी माशेल, मग खांडोळा-आमोणे पूल ओलांडून डिचोली तालुक्यात शिरावे. म्हातारी माणसे बरोबर असतील तर हाच रस्ता. गाडी दूर लावून चालावे लागेल असे धरून चला.

पिशवीत काय घ्यायचे

तांब्याचा किंवा पितळी लोटा. दोन पंचे. बायकांसाठी एक जुनी सुती साडी, कारण कपडे बदलायला आडोसा मिळेलच याची खात्री नाही. अंगावरून मोठी चादर धरायला बरोबर एक माणूस असले तर फार बरे. नायलॉनची साडी नेसून पाण्यात उतरू नका, ती पायांना गुंडाळते. पट्टे असलेली रबरी चप्पल हवी, म्हणजे चिखलात निघून येत नाही. आजीच्या चपलेला पट्टा नव्हता. ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी, पण ती परत घरी आणायची. एक छोटी छत्री. हळदकुंकू, अक्षता, थोडी फुले आणि सुटे पैसे.

पायाला कापलेले, भाजलेले किंवा भेगा पडून रक्त आलेले असेल तर पाण्यात उतरू नका. पावसाळ्यात लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो आणि तो अशाच जखमेतून शिरतो. स्नानानंतर एक-दोन आठवड्यांत ताप भरला तर डॉक्टरला नदीत न्हालो होतो हे आवर्जून सांगा.

उपास असला तरी मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका. उपाशीपोटी गार पाण्यात बुडी मारून घेरी आलेली माणसे मी पाहिली आहेत. केळे खाऊन निघा.

प्रत्यक्ष स्नान

काठावर आल्यावर लगेच उतरू नका. पाच मिनिटे उभे राहून पाणी कोणत्या दिशेला चालले आहे ते बघा. एखादे पान टाका. ते समुद्राच्या उलट दिशेला सरकत असेल किंवा जागीच डोलत असेल तर ठीक.

भटजी हवा असेल तर आधी दक्षिणा विचारून घ्या, नंतरची कुरबुर दोघांनाही शोभत नाही. संकल्पात ते तुमचे नाव आणि गोत्र विचारतील. गोत्र माहीत नसेल तर संकोच नको, अशा वेळी काश्यप गोत्र सांगायची रीत आहे. भटजी नसला तरी काही अडत नाही. ओंजळीत पाणी घेऊन तिथी, जागा आणि आपले नाव मनात म्हणा, कोणासाठी आलात तेही म्हणा आणि पाणी सोडा.

मग हा श्लोक:

गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति ।
नर्मदे सिंधु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु ॥

घरी न्हाणीघरात बादलीवर म्हणतात तोच. सात नद्यांना या पाण्यात या म्हणून बोलावायचे. यात मांडवीचे नाव नाही याचे मला लहानपणी वाईट वाटायचे. नंतर लक्षात आले की पाहुण्यांच्या यादीत यजमानाचे नाव लिहीत नाहीत.

कमरेपेक्षा खोल जाऊ नका. तोंड सूर्याकडे, ढग असले तरी पूर्वेकडे. ओंजळीने तीन वेळा अर्घ्य, मग तीन बुड्या. बुडी मारताना एका हाताने शेजारच्याला किंवा दोरीला धरा. ज्यांना बुडी जमत नाही त्यांनी बसून डोक्यावरून तीन लोटे घ्यावेत. वडील हयात नसलेल्यांपैकी ज्यांना तर्पण करायचे असेल त्यांनी ते पाण्यात उभे राहून करण्यापेक्षा काठावर बसून करावे. तीळ सांडत नाहीत आणि मागच्याची खोळंबाखोळंबही होत नाही.

साबण, शाम्पू, तेल काहीही नको. हे स्नान अंग घासायचे नव्हे. ओले कपडे नदीत सोडून जाण्याची पद्धत काही तीर्थांवरून इकडे शिरली आहे, ती आपली नाही. फुले पाण्यात टाकलीच तर सुटी टाका, प्लास्टिकची माळ नको.

लोक जिथे न्हात आहेत तिथेच न्हा, तिवरांच्या झाडीत एकांत शोधू नका. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, त्यांच्याशी गोव्याच्या लोकांचे नाते जुने आहे. बोरीजवळच्या दुर्भाटला पौष अमावास्येला गावडे समाजातली माणसे चिखलाची मगर करून पुजतात, त्याला मांगे थापणी म्हणतात. पूजेइतकेच अंतर राखणेही त्या नात्यात येते.

तीर्थ घरी नेणार असाल तर ते शिंपडण्यापुरते न्या. श्रावणातली मांडवी गढूळ असते आणि ती प्यायची नव्हे. बाटली रात्रभर उभी ठेवली की गाळ खाली बसतो, वरचे पाणी देवघरात ठेवा.

नंतर

कपडे बदलून सप्तकोटेश्वराला जा. देऊळ नदीकाठाला लागून नाही, आत झाडीत आहे. त्या दिवशी गाभाऱ्यापुढे रांग असते. दीपस्तंभापाशी थोडे थांबा, देवळाच्या घुमटाचा घाट तिथून चांगला दिसतो. परतताना माशेलवरून येणार असाल तर देवकीकृष्णाला थांबा. देवकी आणि तिच्या जवळचा बाळकृष्ण अशी मायलेकरांची मूर्ती क्वचितच बघायला मिळते. तीही मूळची चोडणची, पोर्तुगीज काळात इकडे आलेली. जन्माष्टमीला आईचेही दर्शन घेतल्यासारखे होते. आणि मुले बरोबर असतील तर संध्याकाळी पणजीत अष्टमीची फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, आहेच. खाजे घेतल्याशिवाय ती घरी यायची नाहीत.

इतर नद्या, इतर कारणे

नार्वे अष्टमीसाठी. बाकी प्रसंगांना गोव्यात वेगळी पाणी आहेत.

एकादशीला पंढरपूर गाठणे जमत नसेल तर साखळीजवळचे विठ्ठलापूर आहे. वाळवंटीच्या काठी विठ्ठलाचे देऊळ, आषाढीला तिथे दिंड्या येतात. पण आषाढात वाळवंटी भरून वाहते, तेव्हा हातपाय धुण्यावर भागवा. नदीचा खरा आनंद तिथे कार्तिकात, त्रिपुरारी पौर्णिमेला. रात्री सजवलेल्या नौका पाण्यात सोडतात, त्यांची स्पर्धा असते, त्रिपुरासुराचा वध होतो आणि दोन्ही काठ माणसांनी भरतात. तुम्ही दिवे सोडणार असाल तर केळीच्या सोपट्यात किंवा पानांच्या द्रोणात सोडा. थर्माकोल नको. लहान मूल बरोबर असेल तर पुढे पायऱ्यांवर बसू नका, धक्काबुक्की होते.

अस्थिविसर्जनासाठी पुष्कळ गोमंतकीय घरे हरवळ्याला जातात. रुद्रेश्वराच्या देवळासमोर धबधबा आहे, तिथले पाणी या कामासाठी मानतात. एक दिवस आधी देवळात विचारून वेळ ठरवा. पावसाळ्यात धबधब्याखालच्या डोहाजवळ जाऊ नका, ते पाणी खाली ओढते. अस्थी कापडात बांधलेल्या असतील तर फक्त अस्थी सोडा, कापड आणि मडके काठावर ठेवू नका. शोकात असताना या गोष्टी सुचत नाहीत. म्हणून घरातल्या एकाने, शक्यतो जावयाने किंवा भाच्याने, एवढेच काम अंगावर घ्यावे.

महाशिवरात्रीला तांबडी सुर्ला. कदंबकाळातले काळ्या बेसॉल्टचे ते देऊळ नदीच्या काठी आहे, पाण्यात उतरायला दगडी पायऱ्या आहेत. फाल्गुनाच्या तोंडावर नदी अंग काढून घेते, पाणी नितळ असते आणि तिथे भरती-ओहोटीचा त्रास नाही. जंगल आहे, अंधार पडायच्या आत निघा. माकडांपासून नैवेद्य सांभाळा.

गोव्याबाहेरचे दोन पर्याय लोक नेहमी विचारतात. पितृकार्यासाठी गोकर्ण: मडगावहून कोकण रेल्वेने गोकर्ण रोड स्थानक, पुढे रिक्षा. दत्तसेवेसाठी नरसोबाची वाडी: कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, वास्कोहून लोंढा-बेळगाव मार्गे मिरज आणि तिथून बस. वाडीला पावसाळ्यात जाणार असाल तर पुराची बातमी बघूनच निघा. कृष्णेला पूर आला की पाणी पादुकांवरून वाहते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या दिवशी रस्ते बंद असले तरी माणसे पाण्यातून चालत पोचतात. तुम्ही तसे करू नका.

आजीला पुढच्या वर्षी पुन्हा नेले. त्या वर्षी मुरगावचे वेळापत्रक बघून वेळ काढली होती. पाणी चौथ्या पायरीला टेकलेले, टाकलेले पान जागीच डोलत होते. तिने तीन बुड्या मारल्या, वर आली, नाकातले पाणी शिंकरले आणि पहिला प्रश्न विचारला, "माझी चप्पल कुठे ठेवलीस?"